टियुस की टिनुस? चौथ्या शतकातली रोमन नाणी ओळखायला शिकताना मी कुठे आपटले

आधीच सांगते, मी नाणेशास्त्राची डिग्रीवाली नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडात आले, घरी बसून कंटाळा आला म्हणून इथल्या एका छोट्या म्युझियममध्ये शनिवारी व्हॉलंटियर म्हणून जायला लागले, आणि त्यांनी माझ्यापुढे चौथ्या शतकातल्या तांब्याच्या नाण्यांचा ट्रे ठेवला. शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठी, हिरवट-काळी, निम्मी झिजलेली. ज्यांना ऑगस्टस-नीरो वगैरे येतात, नाण्यावरची लॅटिन अक्षरं लावता येतात आणि यू च्या जागी व्ही कोरतात हे माहितीय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

घराणं बघा. बाप कॉन्स्टंटाइन, ज्याला 'द ग्रेट' म्हणतात तो, 306 ते 337 सम्राट. त्याचा बाप कॉन्स्टंटियस. मुलांची नावं काय ठेवली, तर कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टंटियस आणि कॉन्स्टन्स! एकाच मुलाचं नाव वेगळं होतं, क्रिस्पस, त्याला 326 मध्ये बापानेच मारून टाकलं. वर पुतण्या गॅलस, तो सीझर, म्हणजे दुय्यम सम्राट, झाल्यावर नाण्यावर तोही कॉन्स्टंटियस. आपल्याकडे कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी, संभाजी, शाहू पुन्हा पुन्हा येतात तसंच, फक्त इथे सगळे जेमतेम साठ-सत्तर वर्षांत.

आता माझी चूक. नाण्यावर डाव्या बाजूला 'कॉन्स्टन' एवढं वाचता आलं की मी फॉर्मवर बिनधास्त 'कॉन्स्टंटाइन द ग्रेट' लिहून मोकळी. तीन शनिवार हेच. आमच्या क्युरेटर बाईंनी त्यातलं एक नाणं उचललं, मागे घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाला खुपसणारा सैनिक, आणि शांतपणे विचारलं की हा माणूस कधी वारला? मी म्हटलं 337. आणि हा छाप कधी सुरू झाला? 348. म्हणजे मेल्यावर अकरा वर्षांनी मी त्याच्या नावाने नवीन नाणं पाडलं होतं. धाकटा कॉन्स्टंटाइनही 340 मध्येच गेलेला, त्यामुळे तीही पळवाट नाही. सगळे फॉर्म पुन्हा भरले. रडले नाही, पण घरी येऊन नवऱ्याशी उगाच भांडले.

गोची कुठे होते ते नीट सांगते, कारण हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. नाण्यावरचा लेख सम्राटाच्या डोक्याभोवती गोल फिरतो आणि बऱ्याचदा डोक्याच्या वर तुटतो. डावा अर्धा सगळ्यांचा सारखा, 'कॉन्स्टन'. खरं नाव कळतं ते उजव्या अर्ध्यात, आणि नाणं जरा सरकून पाडलेलं असलं की नेमका तोच भाग कडेबाहेर जातो. जे उरतं त्यात टी आणि एस च्या मध्ये काय आहे ते बघायचं. 'टिनुस' (कॉन्स्टंटिनुस, म्हणजे लॅटिनमधला कॉन्स्टंटाइन) असेल तर मध्ये आय, एन, व्ही. 'टियुस' (कॉन्स्टंटियुस, म्हणजे कॉन्स्टंटियस) असेल तर फक्त आय आणि व्ही. ऐकायला सोपं वाटतं ना? पण झिजलेल्या नाण्यावर आय आणि व्ही शेजारीशेजारी आले की एक उभी काडी आणि दोन तिरक्या, आणि एन म्हणजे काय तर उभी, तिरकी, उभी! डोळ्याला हवं असलं की एन दिसतोच. मला हवं होतं, कारण मला कॉन्स्टंटाइन द ग्रेट हवा होता, त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस (दुसरा) कोणाला हवा असतो. तर अक्षरं वाचू नका, काड्या मोजा. टी आणि एस च्या मध्ये तीन काड्या म्हणजे टियुस, सहा म्हणजे टिनुस. टॉर्च वरून नाही, बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरायचा आणि नाणं हळूहळू फिरवायचं. अजूनही दर वेळी मोजते, बोटावर.

टिनुस निघाला तरी काम संपत नाही, कारण टिनुस दोन आहेत, बाप आणि लेक. तिथे लेखाची शेपटी बघायची. 'मॅक्स ऑग' असेल तर बाप (ऑग म्हणजे ऑगस्टस, मुख्य सम्राट). 'आय-व्ही-एन नोब सी' असेल तर लेक, म्हणजे ज्युनियर, सीझर. शेपटी गेली असेल तर डोकं बघा: साधारण 325 नंतर बाप रत्नांची पट्टी बांधतो, पोरं बहुतेक वेळा पानांचा मुकुट घालतात. आजोबा कॉन्स्टंटियस मात्र सोपा, त्याची नाणी मोठी, 10 ग्रॅमच्या आसपास, नातवाच्या दीड ग्रॅमच्या टिकलीशेजारी ठेवली की प्रश्नच उरत नाही.

आणि पाठ आधी बघा हो, पाठ! दोन सैनिक आणि मध्ये दोन निशाणं असली तर 330 ते 335. एकच निशाण असलं तर 335 नंतर, 340 च्या थोडं पुढेपर्यंत. समोरासमोर दोन विजयदेवता, हातात हार, म्हणजे 347-348, आणि तेव्हा गादीवर फक्त कॉन्स्टंटियस दुसरा आणि कॉन्स्टन्स. पाठीवरून माणूस कळत नाही, पण कोण असूच शकत नाही ते कळतं, आणि निम्मं काम तिथेच होतं. शिवराई जमवणाऱ्यांना हे लगेच पटेल. 'श्री राजा शिव' वाचलं की नवशिका थेट महाराजांच्या काळात जातो, पण तोच लेख पेशवाईत आणि नंतरही चालू होता, दुदांडी शिवराई म्हणजे उशिराची, हे लेखावरून नाही तर घडणीवरून कळतं.

चेहरा बघून ओळखणारे लोक मला पटत नाहीत. सुरुवातीला तिथल्या एका जुन्या व्हॉलंटियरने मला लॅमिनेट केलेला सम्राटांच्या चेहऱ्यांचा तक्ता दिला होता, माझी निम्मी वाट त्यानेच लावली. 330 च्या पुढे सगळ्यांचे तेच मोठे डोळे आणि तीच सरळ मान. फोटो काढून नाव सांगणारी अ‍ॅप्स तर सोडूनच द्या, ती प्रसिद्ध नावाकडे झुकतात, माझ्यासारखीच. आणि चटकन उत्तर सांगून टाकणारा गुरू गोड वाटतो, पण त्याच्याकडून काही शिकायला होत नाही. आमच्या बाई फक्त प्रश्न विचारतात, पहिले दोन महिने मला त्यांचा राग यायचा.

घासू नका. चिंच नाही, लिंबू नाही, पितांबरी तर अजिबात नाही. त्या हिरव्या थरातच अक्षरांचा उठाव टिकलेला असतो, तो गेला की काड्याही गेल्या.

टाकसाळीचा शिक्का पाठीला खालच्या पट्टीत असतो, त्यातही एक गंमत आहे: 'कॉन्स' म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, पण 'पी-कॉन्स्ट' म्हणजे फ्रान्समधलं आर्ल, कारण त्या गावालाही यांनी आपलं नाव दिलं होतं. मी फसले होते, तुम्हीही फसाल, चालतं.

सगळ्यात वाईट म्हणजे 337 चं साल. मे मध्ये बाप गेला, सप्टेंबरमध्ये तिघे भाऊ ऑगस्टस झाले, आणि थोरल्याच्या नावातलं ज्युनियर गळलं. एक निशाण, टिनुस, ऑग, आणि टाकसाळीची पट्टी झिजलेली, असं नाणं आलं की आरआयसीचा (रोमन नाण्यांच्या प्रमाण कॅटलॉगचा) सातवा खंड (313 ते 337) उघडू की आठवा, हेच कळत नाही. तिथे ओढूनताणून नाव देऊ नका. 'कॉन्स्टंटाइन घराणं, साधारण 335 ते 341' असं लिहायची पद्धत आहे आणि ती लाज वाटण्यासारखी नाही. माझ्या परवाच्या ट्रेमधली सात नाणी अशीच गेली. आठव्यावर मात्र टी च्या पुढे चार काड्या दिसतायत, चार, म्हणजे ना तीन ना सहा, त्यामुळे ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.