‘इज इट?’ आवरा! इंग्रजीत शंका घेताना या चुका टाळा

आपल्या सोलापुरात विश्वास बसला नाही की ‘काय सांगलालास बे!’ एवढं म्हटलं की काम झालं. कौतुक आहे की ‘थापा मारू नको’ म्हणायचंय, ते सुरावरून कळतं. इंग्रजी आलं की हाच माणूस ‘इज इट?’वर अडकतो. संध्याकाळच्या माझ्या क्लासमध्ये सगळ्यात जास्त कानावर पडणारी चूक हीच.

‘हो का?’ आपल्याकडे कुठंही खपतं. इंग्रजीत मात्र समोरच्याच्या वाक्यातलं सहायक क्रियापद (इज, हॅव, डझन्ट) पकडावं लागतं; ते नसेल तर डू, डझ किंवा डिड. ‘ही वेन्ट टु पुणे’ म्हटलं तर ‘डिड ही?’, ‘आय हॅव सोल्ड द बाइक’ला ‘हॅव यू?’, आणि ‘शी डझन्ट ड्रिंक टी’ला ‘डझन्ट शी?’. नकाराला नकारच. ‘इज इट?’ चालतं ते ‘इट इज क्लोज्ड टुडे’सारख्या वाक्याला. सूर वर नेलात तर कुतूहल वाटतं, सपाट खाली सोडलात तर बहुतेक वेळा शंका. आरशासमोर दहादा म्हणून बघा, घरचे हसले तर हसू द्या.

दुसरी चूक गमतीची. ‘आर यू पुलिंग माय लेग?’ ऐकून पोरं म्हणतात, ‘सर, म्हणजे पाय ओढणं ना?’ नाही! आपल्याकडे पाय ओढणारा प्रगतीच्या आड येतो. इथे अर्थ एवढाच, ‘चेष्टा करतोस का माझी?’

‘आर यू किडिंग मी?’ (‘मस्करी करतोस का?’) मित्रापुरतं ठेवा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा माझा एक विद्यार्थी. परदेशी गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, सॅम्पल मिळालंच नाही. याला म्हणायचं होतं ‘असं कसं होईल?’, तोंडातून गेलं ‘आर यू किडिंग मी?’ पलीकडे एकदम शांतता. तिथे ‘आर यू शुअर? कुड यू प्लीज चेक वन्स मोअर?’ बरं. ‘सेज हू?’ (‘कोण म्हणतं असं?’) आणि ‘सिन्स व्हेन?’ही तसलेच, साहेबांसमोर नकोत. ‘सिन्स व्हेन?’मध्ये ‘कधीपासून?’पेक्षा ‘हे कधीपासून सुरू झालं म्हणे!’ हा टोमणा जास्त असतो.

आणि ‘हाऊ कम?’ म्हणजे ‘असं कसं काय?’; त्याची वाक्यरचना ‘व्हाय’सारखी करू नका. ‘व्हाय डिड ही लीव्ह?’ बरोबर, पण ‘हाऊ कम ही लेफ्ट?’ इथे ‘डिड’ला जागाच नाही.