कण्याच्या शस्त्रक्रियेत भुलीचा वायू आणि मज्जातंतूंचे सिग्नल यांचा मेळ कसा घालावा

स्कोलिओसिसच्या, म्हणजे कणा बाजूला वाकण्याच्या विकाराच्या, शस्त्रक्रियेत स्क्रू बसवताना किंवा वाकलेला कणा सरळ करताना मज्जारज्जूला इजा होत नाही ना, हे दोन प्रकारच्या सिग्नलवरून पाहिले जाते. घोट्याजवळची नस उत्तेजित करून मेंदूपर्यंत पोहोचणारा संवेदनेचा सिग्नल हा पहिला, तर डोक्यावरून विद्युत उत्तेजना देऊन हातापायांच्या स्नायूंत उमटणारा प्रतिसाद, म्हणजेच एमईपी, हा दुसरा. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन हे वायू मुख्यतः चेतापेशींमधील जोडांवर काम करत असल्यामुळे सिग्नलच्या वाटेत जोड जितके अधिक तितका तो जास्त दबतो. म्हणूनच मेंदूच्या पृष्ठभागावरचा संवेदनेचा सिग्नल लहान व उशिरा होतो, मात्र मानेवर नोंदवलेला बराचसा टिकून राहतो. एमईपी सर्वांत नाजूक, कारण तिथे वायू मेंदूतील जोडांबरोबरच मज्जारज्जूतील प्रेरक पेशींनाही मंद करतो.

त्यामुळे एमईपी घ्यायचे असल्यास प्रोपोफॉल आणि रेमिफेंटॅनिल शिरेतून सतत देऊन भूल राखावी, हे उत्तम. वायू वापरावाच लागला, तर तो अर्ध्या मॅकच्या आत (मॅक म्हणजे छेद दिल्यावर निम्मे रुग्ण हलत नाहीत, ते वायूचे प्रमाण) आणि स्थिर ठेवावा. नायट्रस ऑक्साइडची भर घालू नये, कारण तोही सिग्नल दाबतो. श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी दिलेल्या स्नायूशिथिलकाचा परिणाम उतरल्याची खात्री ट्रेन ऑफ फोरच्या, म्हणजे नसेला लागोपाठ चार विद्युत धक्के देऊन पाहिलेल्या, चारही प्रतिसादांवरून करावी आणि मगच पुढच्या तुलनेसाठी सिग्नलची मूळ नोंद घ्यावी. वायू शिथिलकाचा परिणाम लांबवतो, हेही ध्यानात असू द्यावे. उत्तेजनेने जबडा जोरात आवळला जातो, म्हणून दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये गॉजची मऊ गुंडाळी ठेवावी. चावलेली जीभ पाहिलेला भूलतज्ज्ञ ही पायरी सहसा विसरत नाही.

सिग्नल घसरल्यास प्रथम हातांकडे पाहावे. छातीच्या पातळीवरील शस्त्रक्रियेत हातांचे आणि पायांचे प्रतिसाद एकत्र व हळूहळू कमी झाले, तर भूल, रक्तदाब किंवा तापमान यांचा संशय घ्यावा; हात शाबूत राहून पायांचाच, त्यातही एका बाजूचा, प्रतिसाद अचानक गेला, तर शल्यविशारदाला तत्क्षणी थांबवावे. संवेदनेच्या सिग्नलची उंची निम्म्याने घटणे किंवा त्याला लागणारा वेळ दहा टक्क्यांनी वाढणे, ही रूढ धोक्याची मर्यादा आहे. ती मूळ नोंदीशीच ताडायची असल्याने वायूचे प्रमाण बदलल्यास त्याची वेळ तंत्रज्ञाला लगेच सांगावी, आणि कणा सरळ करण्याच्या टप्प्यावर तर ते मुळीच बदलू नये.