मशीनला नाव सापडलं नाही, तर

ब्लड कल्चरमध्ये (रुग्णाच्या रक्तातले जीवाणू वाढवून बघतात ते) काहीतरी उगवलंय आणि जीवाणू ओळखणाऱ्या मॅल्डी-टॉफ मशीनचा स्कोअर १.७ च्या खाली, म्हणजे ओळख न पटण्याइतका, आलाय? लगेच ‘नवी प्रजाती’ म्हणू नका. एकच कॉलनी (जीवाणूंचा एक ठिपका) उचला, नव्या प्लेटवर स्ट्रीक करा, म्हणजे रेघा ओढत पसरवा, मग पुन्हा एकदा. सुरुवातीच्या काळात एका ‘नव्या’ जीवाणूमागे माझे तीन आठवडे गेले. निघालं दोन जीवाणूंचं मिश्रण. तेव्हापासून मी प्लेट उजेडाकडे तिरकी धरून बघते. टाचणीच्या डोक्याएवढ्या करड्या कॉलन्यांत एखादी जरा जास्त चमकली, की परत स्ट्रीक.

प्लेट टाकायची घाईही नको. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांच्या प्लेटा ईस्टरच्या सुट्टीमुळे दोनाऐवजी जास्त दिवस इन्क्युबेटरमध्ये राहिल्या, म्हणून तर जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू हाती लागला!

मग जीवाणूंची ओळख पटवायला वापरतात ते १६एस जनुक वाचून घ्या, साधारण १५०० बेस (डीएनएची अक्षरं). जवळच्या प्रजातीशी साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी असेल तर आशा आहे. पण खरा निवाडा पूर्ण जीनोमचा, म्हणजे जीवाणूच्या सगळ्या डीएनएचा: टाइप स्ट्रेनशी (त्या प्रजातीच्या अधिकृत नमुन्याशी) सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली हवं. नाव मान्य व्हायला कल्चर दोन वेगळ्या देशांतल्या जीवाणू-संग्रहांत जमा करावं लागतं.

आजार त्यानेच झाला का, हा वेगळा प्रश्न. वॉर्डात फोन करा, रक्ताच्या दुसऱ्या बाटलीतही तोच आहे का बघा; त्वचेवरूनही आलेला असू शकतो. आणि कोणतं औषध लागू पडेल ते सांगणारा सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट नावासाठी अडवू नका, रुग्णाला औषध आज लागतं.