अणुभट्टी परत सुरू होण्याआधी: भाचीसाठी केलेली यादी

माझी भाची कैग्याच्या अणुवीज केंद्रात हेल्थ फिजिक्समध्ये, म्हणजे किरणोत्सर्गापासून माणसांना जपणाऱ्या विभागात लागली, त्याला वर्ष झालं. मोठ्या शटडाऊननंतर (दुरुस्तीसाठी भट्टी बंद ठेवतात तो काळ) अणुभट्टी परत सुरू होईल, तेव्हा किरणोत्सर्ग सुरक्षेच्या तपासणीवर यंदा पहिल्यांदाच तिची सही पडेल. त्यात चवथ (गणेशचतुर्थी) पंधरा दिवसांवर आली आहे, आणि अशा वेळी सगळ्यांनाच घाई असते. म्हणून काणकोणला घरी बसून ही यादी लिहितो आहे. आमच्या भागातून तिथे कामाला जाणाऱ्या इतर पोरांनीही वाचावी.

पहिलं काम माणसं मोजायचं, यंत्रं मागाहून. शटडाऊनमध्ये शेकडो माणसं रिअ‍ॅक्टर बिल्डिंगमध्ये ये-जा करतात, त्यांत कंत्राटदारांची बरीच. प्रत्येक रेडिओलॉजिकल वर्क परमिट (किरणोत्सर्गाच्या जागी काम करायचा परवाना) बंद झालं का, दिलेला प्रत्येक डीआरडी (डोस जागच्या जागी दाखवणारा खिशातला मापक) परत आला का, किल्ल्या फळीवर आल्या का, हे रजिस्टरशी ताडून बघ. एकही परमिट उघडं दिसलं आणि कुणी फोनवर म्हणालं, "तो माणूस कालच गेला", तर ते ऐकून पुढे जाऊ नकोस. त्या माणसाशी स्वतः बोल. भट्टी तापली की आतल्या काही खोल्यांत गॅमा आणि न्यूट्रॉन इतके वाढतात की तिथे माणूस असताच कामा नये. ऑपरेशनवाल्याला बरोबर घेऊन प्रत्येक खोलीत शिर, मोठ्याने हाक मार, कोपरे बघ, मगच कुलूप लाव.

त्याच फेरीत शिल्डिंग बघून घे. दुरुस्तीसाठी काढलेले प्लग, बाजूला रचलेल्या शिशाच्या विटा, भिंतीतून गेलेल्या पाइपांभोवतालची जागा, सगळं होतं तसं बसलं आहे ना ते टॉर्च मारून बघ. बोटभर सरळ फट राहिली तरी त्यातून किरणांचा झोत बाहेर येतो. आणि एवढ्यावर भागत नाही. भट्टी बंद असताना न्यूट्रॉन जवळजवळ नसतातच, त्यामुळे फटीचा खरा पत्ता सुरू झाल्यावरच लागतो. कमी पॉवरला न्यूट्रॉन मीटर घेऊन बाहेरून एक फेरी, मग पॉवर चढेल तसतशी परत. या फेऱ्यांची वेळ आणि माणसं आदल्या दिवशीच ठरवून ठेव.

आता एरिया मॉनिटर, म्हणजे खोलीतला किरणोत्सर्ग मोजून वाढला की भोंगा वाजवणारं यंत्र. इथे मी स्वतः चुकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका केंद्रात मी कंट्रोल रूममध्ये बसून सगळ्या मॉनिटरांचे आकडे उतरवून घेतले आणि खाली 'ठीक' लिहून मोकळा झालो. वरिष्ठांनी मला हाताला धरून एका मॉनिटरपाशी नेलं आणि चेक सोर्स (तपासणीसाठीचा छोटा किरणोत्सर्गी तुकडा) त्याच्या समोर धरला. काटा चढला, कंट्रोल रूममध्ये अलार्मही गेला, पण माझ्या डोक्यावरचा भोंगा गप्प! शटडाऊनमध्ये सारखा वाजतो म्हणून कुणीतरी त्याच्या तोंडावर कापडाचा बोळा कोंबून वर चिकटपट्टी मारली होती. त्या खोलीत काम करणाऱ्याला काहीच ऐकू गेलं नसतं. तेव्हापासून माझा नेम एकच, कागदावर सही करायची ती स्वतः बघितलेल्या गोष्टीची. तूही प्रत्येक मॉनिटरपाशी जा, सोर्स धर, भोंगा कानाने ऐक, दिवा डोळ्यांनी बघ, आणि कंट्रोल रूममध्ये उभ्या असलेल्या जोडीदाराकडून वॉकी-टॉकीवर आकडा विचारून घे. अलार्मचा सेट पॉइंट (ज्या आकड्याला तो वाजतो तो) शटडाऊनसाठी बदलला असेल तर तो मूळ जागी आला का तेही बघ. आणि मॉनिटर अगदी शून्य दाखवत असेल तर खूश होऊ नकोस. नैसर्गिक किरणोत्सर्ग सगळीकडे थोडाफार असतोच, तेव्हा पूर्ण शून्य म्हणजे मॉनिटर बहुधा मेलेला.

आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत खरी काळजी ट्रिटियमची, म्हणजे जड पाण्यात तयार होणाऱ्या किरणोत्सर्गी हायड्रोजनची. त्याच्या बीटा कणांची ऊर्जा जास्तीत जास्त १८.६ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट), म्हणजे इतकी कमी की किरणोत्सर्ग मोजायच्या साध्या जीएम (गायगर) मीटरला तो कळतच नाही. वाफेबरोबर श्वासातून जातो, कातडीतूनही जातो. म्हणून हवेचे नमुने वेळेवर घेतले जात आहेत का, लघवीचे नमुने प्रयोगशाळेत साचून तर राहिले नाहीत ना, नमुन्यातला ट्रिटियम मोजणारा सिंटिलेशन काउंटर नीट चालतो का, हे विचारून नाही, समोर उभं राहून बघ. प्लास्टिक सूट उघडून शिवणी तपास, हवेच्या नळीचा दाब बघ. पिण्याच्या पाण्याचे कूलरही यादीत घाल. नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्याच देशातल्या एका अणुवीज केंद्रात कूलरच्या पाण्यात ट्रिटियम मिसळला गेला आणि तो कामगारांच्या पोटात गेला. कूलरची कुलपं हलवून बघ, पाण्याचा नमुना तपासायला पाठव.

पावसाळ्याचं एक वेगळं दुखणं आहे. हवेतलं किरणोत्सर्गी आयोडीन धरून ठेवणारे कोळशाचे फिल्टर दमट हवेत मंदावतात. हीटर चालू आहेत का बघ आणि फिल्टरची शेवटची चाचणी कधी झाली ती तारीख वाच. रबर स्टेशनवर (आत जाताना बूट बदलायची जागा) बूट पुरेसे आहेत का, बाहेर पडताना अंगावरचा किरणोत्सर्ग तपासणारे पोर्टल मॉनिटर चालतात का, याला अर्धा तास पुरे.

डोसचा हिशेब आधीच करून ठेव. पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, ही एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा. शटडाऊनमध्ये ज्यांच्या वाट्याला जास्त आलं, त्यांना सुरुवातीच्या फेऱ्यांना पाठवू नकोस. जुने टीएलडी बॅज (अंगावर लावायचे डोस नोंदवणारे बिल्ले) मोजणीला गेले का, नवे वाटले का, तेही बघ.

आणीबाणीच्या तयारीत सायरन, जमायच्या जागा, वारा दाखवणारं यंत्र आणि थायरॉइड वाचवणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या बघायच्या. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख कपाट उघडून वाच. केंद्राभोवतालच्या १६ किलोमीटरच्या टापूतले रस्ते पावसाने खचले नाहीत ना, हे विचारायला जिल्हा प्रशासनाला फोन लाव.

एवढं होईपर्यंत सही करू नकोस, कोण कितीही मागे लागलं तरी. एखादी गोष्ट राहिली असेल तर 'राहिली' असंच लिही, खाली नाव आणि वेळ घाल. चवथीला उशीर होईल असं आईला आजच कळव. गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटोळी बांधायला यंदा मी येतो.