फोन लॉक असताना कॉल घेताना या चुका टाळा

माझी मावशी स्मार्टफोन वापरू लागली तेव्हा तिला आलेले बरेचसे कॉल 'मिस्ड कॉल'च्या यादीत जमू लागले आणि घरातला प्रत्येक जण तिला 'तू फोन का उचलत नाहीस?' असे विचारू लागला. एके दिवशी तिच्या शेजारी बसून मी नीट पाहिले. फोन वाजला, तिने तो पर्समधून बाहेर काढला, स्क्रीनवर मुलीचे नाव दिसत होते. पण फोन पडू नये म्हणून तिने तो घट्ट धरला, त्यात कडेचे बटण दाबले गेले आणि रिंग थांबली. कॉल कट झाला असे समजून तिने फोन टेबलावर ठेवून दिला. प्रत्यक्षात कॉल चालूच होता, पलीकडे मुलीला रिंग ऐकू येत होती आणि स्क्रीनवरचे हिरवे चिन्हही जागेवर होते. दुसऱ्या वेळी तिने आधी फोनचे लॉक उघडायचे ठरवले आणि पिन टाकायची जागा शोधेपर्यंत रिंग संपली.

यात तिच्या वयाचा किंवा समजुतीचा काहीच दोष नव्हता. बटणांच्या साध्या फोनवर हिरवे बटण दाबले की कॉल घेतला जाई आणि लाल बटण दाबले की तो बंद होई. स्मार्टफोनवर मात्र तेच हिरवे चिन्ह कधी दाबायचे असते, तर कधी सरकवायचे असते आणि त्या वेळी फोन लॉक आहे की उघडा, यावर ते ठरते. आयफोनवर हा फरक ठळकपणे दिसतो: फोन उघडा असेल तर कॉल घेण्यासाठी आणि नाकारण्यासाठी दोन वेगवेगळी बटणे येतात, पण फोन लॉक असेल तर बोटाने उजवीकडे सरकवायची एक पट्टी येते. खिशात किंवा पिशवीत असताना चुकून लागलेल्या बोटाने कॉल घेतला जाऊ नये, हा सरकवण्याचा फायदा आहे आणि तो रास्तही आहे. परंतु एकाच कामासाठी दोन सवयी लावून घ्याव्या लागतात हे कोणी सांगत नाही आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आधी लॉक उघडायला जाणे

ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे आणि ती सर्वांत सहज टाळता येण्याजोगीही आहे. आलेला कॉल घेण्यासाठी पिन, पॅटर्न, बोटाचा ठसा किंवा चेहरा यांपैकी कशाचीही गरज नसते. लॉक हे फोनमधल्या संदेशांवर, फोटोंवर, बँकेच्या ॲपवर असते. बाहेरून येणाऱ्या कॉलवर ते नसते. म्हणूनच दुसऱ्या कोणाचा लॉक असलेला फोन वाजला तरी तो आपल्याला उचलता येतो. बोलता बोलता एखादा संदेश वाचायचा असेल किंवा गॅलरी उघडायची असेल, तेव्हाच फोन पिन मागतो. त्यामुळे रिंग वाजत असताना लॉककडे लक्षच देऊ नये, फक्त हिरवे चिन्ह शोधावे.

याच गैरसमजातून घरातले एखादे मदतीला धावणारे माणूस 'आजींना जमत नाही' म्हणून फोनचे लॉकच काढून टाकते. हा उपाय मला मुळीच मान्य नाही. लॉक काढल्याने कॉल घेणे तिळभरही सोपे होत नाही. उलट फोन हरवला तर बँकेचे संदेश, ओटीपी आणि सगळे संपर्क सापडणाऱ्याच्या हाती आयते पडतात. शिवाय कुलूप नसलेली स्क्रीन खिशात नुसत्या स्पर्शाने उघडते आणि नको त्या माणसाला आपोआप कॉल लागतात, ही डोकेदुखी वेगळीच.

हिरवे चिन्ह नुसते दाबत राहणे

लॉक असलेल्या फोनवर बोट हिरव्या चिन्हावर टेकवून लगेच उचलले तर बहुतेक फोनवर काहीच घडत नाही. मग माणूस घाईघाईने तीन-चार वेळा बोट आपटतो आणि फोन बिघडला आहे असे ठरवून मोकळा होतो. बोट टेकवावे, ते न उचलता सरकवावे आणि मगच सोडावे, असा हा क्रम आहे. कोणत्या दिशेला सरकवायचे, हे मात्र फोनप्रमाणे बदलते. आयफोनवर डावीकडून उजवीकडे. सॅमसंगच्या फोनवर हिरवे वर्तुळ धरून बाहेरच्या बाजूला ओढायचे. गूगलच्या फोन ॲपमध्ये अनेक वर्षे वर सरकवले की कॉल घेतला जाई आणि खाली सरकवले की नाकारला जाई. २०२५ मध्ये त्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये आडवे सरकवणे किंवा एकदाच दाबणे, असे दोन पर्याय आले. ज्यांना सरकवणे जमत नाही त्यांच्यासाठी 'एकदाच दाबणे' हा पर्याय मोठा दिलासा आहे. आपल्या फोनवर तो दिसत असेल तर आजच निवडावा. मात्र ॲप अपडेट झाल्यानंतर एखाद्या दिवशी अचानक कॉल घेता येईनासा झाला, तर फोनला दोष देण्याआधी ही निवड बदलली आहे का, ते पाहावे.

सॅमसंगच्या फोन ॲपमध्ये आवाज वाढवण्याचे बटण दाबून कॉल घेण्याचीही सोय आहे. कॉल घेण्याविषयीच्या सेटिंग्जमध्ये ती चालू करता येते. बोट थरथरत असेल, नजर अधू असेल किंवा हात कामात असतील, तर स्क्रीनवरच्या चिन्हापेक्षा हे बटण कितीतरी भरवशाचे वाटते, कारण ते न पाहता बोटाला सापडते.

कडेच्या बटणाविषयीचे गैरसमज

मावशीच्या बाबतीत जे घडले ते इथले. फोन वाजत असताना कडेचे पॉवर बटण किंवा आवाजाचे बटण एकदा दाबले की सहसा फक्त रिंग गप्प होते. कॉल कट होत नाही. (वर सांगितलेली सॅमसंगची सोय चालू असेल, तर आवाज वाढवण्याचे बटण अर्थातच कॉल घेते.) आयफोनवर कॉल नाकारायचा असेल तर कडेचे बटण लागोपाठ दोनदा दाबावे लागते. म्हणून रिंग अचानक थांबली तर फोन खाली ठेवू नये, आधी स्क्रीन पाहावी. समोरच्याचे नाव आणि हिरवे चिन्ह दिसत असेल तर कॉल अजून आहे आणि तो घेता येतो.

बोलणे सुरू झाल्यानंतर मात्र हेच बटण वेगळे वागू शकते. फोन कानाला लावून बोलत असताना आयफोनचे कडेचे बटण दाबले गेले तर कॉल संपतो. गालाशी फोन धरताना अंगठा नेमका तिथेच येतो आणि बोलणे मध्येच तुटते. २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १६ (आयओएस म्हणजे आयफोन ज्यावर चालतो ती प्रणाली) पासून सेटिंग्जमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी' (फोन वापरणे सोपे करणाऱ्या सोयी) या विभागातल्या 'टच' या भागात ही सवय बंद करण्याची सोय आहे. अँड्रॉइडवर उलट प्रकार आहे: पॉवर बटणाने कॉल बंद व्हावा अशी सेटिंग 'ॲक्सेसिबिलिटी'त असते आणि कोणीतरी ती सोयीची म्हणून चालू करून ठेवलेली असते. कॉल वारंवार आपोआप तुटत असतील, तर नेटवर्कला बोल लावण्याआधी ही एक जागा तपासावी.

बोट, काच आणि सेन्सर

आजच्या फोनची टचस्क्रीन दाब ओळखत नाही. काचेखाली एक सूक्ष्म विद्युत क्षेत्र असते आणि बोट जवळ आले की त्यात होणारा बदल फोन ओळखतो. त्यामुळे जोर लावून दाबल्याने काहीही साध्य होत नाही. बोट ओले असेल किंवा स्क्रीनवर पाण्याचे थेंब असतील तर फोनला बोटाची नेमकी जागा कळत नाही. साधा हातमोजा घातला असेल तर बोट जाणवतच नाही. आणि त्वचा फार कोरडी किंवा राठ असेल तर स्पर्श अर्धवट पोचतो, सरकवणे मध्येच सुटते आणि हिरवे चिन्ह पुन्हा मूळ जागी येऊन बसते. वयस्कर माणसांची 'माझ्या बोटाला हा फोन जुमानत नाही' ही तक्रार त्यामुळे अनेकदा अक्षरशः खरी असते. ती हसण्यावारी नेऊ नये. बोटाच्या टोकाऐवजी पेराचा सपाट भाग टेकवावा आणि सावकाश सरकवावे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. स्क्रीनवर जाड काच चिकटवली असेल तर सॅमसंग आणि गूगलचे पिक्सेल या फोनच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये स्पर्शाची संवेदनक्षमता वाढवण्याची सोय आहे.

फोन कानाजवळ नेला की स्क्रीन बंद होते, ती वरच्या बाजूला असलेल्या प्रॉक्झिमिटी सेन्सरमुळे. त्यावर धूळ, तेलकट डाग किंवा चुकीच्या मापाची काच आली की फोनला कायम वाटत राहते की तो कानालाच लावलेला आहे. मग कॉल घेतल्यावर स्क्रीन काळी पडते ती पडतेच. स्पीकर लावता येत नाही, कॉल बंद करता येत नाही. मऊ कापडाने वरची कड पुसून पाहावी आणि तेवढ्याने भागले नाही तर काच काढून एकदा कॉल करून पाहावा.

फोन खिशातून काढताना तळहात स्क्रीनवर घासला जाणार नाही अशा बेताने कडांना धरावा. वायरच्या हेडफोनवर बटण असेल तर ते एकदा दाबले की कॉल घेतला जातो, फोन खिशातच राहिला तरी चालतो. ही सोय खूप जणांच्या हाताशी असते आणि तरी वापरली जात नाही.

रिंग वाजते, पण स्क्रीनवर काहीच दिसत नाही

अँड्रॉइडवर ही तक्रार नेहमीची आहे आणि तिचे कारण बहुधा एखाद्या परवानगीत असते. लॉक असलेल्या फोनवर कॉल पूर्ण स्क्रीनभर दिसावा यासाठी फोन ॲपला सूचना दाखवण्याची परवानगी लागते. जाहिरातींना कंटाळून सगळ्याच ॲपच्या सूचना बंद करताना कधीकधी फोन ॲपच्याही सूचना बंद होतात आणि मग रिंग वाजते पण नाव दिसत नाही. सेटिंग्जमध्ये फोन ॲप उघडून त्याच्या सूचना, विशेषतः येणाऱ्या कॉलच्या सूचना, चालू आहेत का ते पाहावे. २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ पासून पूर्ण स्क्रीनवर सूचना दाखवण्याची परवानगी कॉल आणि अलार्म यांच्या ॲपपुरती मर्यादित केली गेली. त्यामुळे इंटरनेटवरून कॉल करणारे एखादे ॲप लॉक स्क्रीनवर नुसता आवाज करत असेल आणि कॉल दाखवत नसेल, तर ॲपच्या विशेष परवानग्यांमध्ये हा पर्याय शोधावा. आयफोनवर मात्र २०१६ च्या आयओएस १० पासून अशा ॲपचे कॉलही साध्या कॉलसारखेच लॉक स्क्रीनवर येऊ शकतात.

दुसरे कारण म्हणजे एकावर एक ॲप. कॉल करणाऱ्याचे नाव ओळखणारे एखादे ॲप टाकलेले असते, ते स्वतःची चौकट वर आणते आणि खालचे हिरवे चिन्ह झाकले जाते. कॉल घेण्याचे काम एकाच ॲपकडे असावे आणि ते कोणते, हे सेटिंग्जमधल्या 'डीफॉल्ट ॲप्स'मध्ये (कोणत्या कामाला नेहमी कोणते ॲप वापरायचे, ते ठरवण्याच्या जागी) जाऊन पक्के करावे.

फोन वाजतच नाही

'डू नॉट डिस्टर्ब' किंवा आयफोनवरचा 'फोकस' चुकून चालू राहिला की कॉल येतो आणि आवाज न होता निघून जातो. घरच्या माणसांना हे सांगून ठेवावे की तातडीचे काम असेल तर लगेच पुन्हा कॉल करावा: पुन्हा आलेल्या कॉलची सूट चालू असेल तर आयफोनवर तीन मिनिटांच्या आत आणि अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत त्याच माणसाचा आलेला दुसरा कॉल वाजतो. आयफोनवर २०१९ पासून अनोळखी क्रमांक गप्प करण्याची सोयही आहे. दवाखान्यातून किंवा कार्यालयातून येणारे महत्त्वाचे कॉल तिच्यामुळे हुकतात, म्हणून असा कॉल अपेक्षित असेल त्या दिवसांपुरती ती बंद ठेवावी.

आपोआप कॉल घेण्याची सोय विचार न करता चालू करणे

आयफोनवर २०१७ च्या आयओएस ११ पासून ठरावीक सेकंदांनंतर कॉल आपोआप घेतला जाण्याची सोय आहे. ज्यांचे हात चालत नाहीत किंवा जे अंथरुणाला खिळून आहेत, त्यांच्यासाठी ती अमोल आहे. पण सरकवणे जमत नाही एवढ्याच कारणासाठी ती चालू करू नये. कोणाचाही कॉल आला तरी तो घेतला जातो, खोलीतले बोलणे पलीकडे ऐकू जाऊ लागते आणि फोनजवळ कोणी नसेल तर हे लक्षातही येत नाही. ती चालू करायचीच असेल तर ज्याचा फोन आहे त्याला विचारून, समजावून आणि त्याच्यासमोर करावी.

सराव कसा करावा

मावशीबरोबर मी दुसऱ्या खोलीतून तिला कॉल लावत बसलो. पहिले काही कॉल तिने झटकन घेतले आणि आम्ही दोघेही खूश झालो; संध्याकाळी मात्र पुन्हा तोच गोंधळ झाला. कारण नंतर कळले. आम्ही एकामागून एक कॉल लावत होतो, त्यामुळे तिचा फोन मध्ये लॉक होतच नव्हता आणि कॉल वरच्या बाजूच्या लहानशा पट्टीत येत होता, जिथे नुसते दाबून भागते. ज्या स्क्रीनवर ती अडत होती, त्या स्क्रीनचा सराव झालाच नव्हता. म्हणून दोन कॉलच्या मध्ये कडेचे बटण दाबून फोन लॉक करावा, स्क्रीन काळी झाल्याची खात्री करावी, फोन पर्समध्ये किंवा खिशात जिथे नेहमी असतो तिथे ठेवावा आणि त्यानंतरच पुढचा कॉल लावावा. कॉल लावणाऱ्यानेही चार रिंगमध्ये कंटाळून फोन ठेवू नये; पूर्ण रिंग वाजू द्यावी.