जपानी साहित्य वाचायचं तर आधी ऋतू ओळखा

जपानी साहित्याकडे वळणारे बरेच वाचक थेट ‘गेन्जी’ उघडतात आणि दोन-तीन प्रकरणांत अडकतात. मुरासाकी शिकिबूची ही ५४ प्रकरणांची कथा अकराव्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्यात पात्रांना नावं जवळजवळ नाहीतच. हुद्दा बदलला की उल्लेखही बदलतो. शिवाय ही माणसं मनातलं कवितेतून सांगतात आणि त्या कवितांचे संकेत ठाऊक नसले तर निम्मी कथा निसटते. म्हणून सुरुवात कवितेने करा, त्यातही हायकूने.

हायकूत ५-७-५ असे १७ ध्वनी. दीर्घ स्वराचे दोन मोजतात आणि अक्षराशेवटी येणाऱ्या ‘न्’चा एक, त्यामुळे ‘टोकियो’ तिथे चार भरतं. बाशोचा (१६४४–१६९४) हा हायकू मोठ्याने म्हणा: फुरुइके या / कावाझु तोबिकोमु / मिझु नो ओतो. जुनं तळं, बेडकाची उडी, पाण्याचा आवाज. ‘या’ हा तोडशब्द आहे. तिथे श्वासभर थांबा, नाहीतर तळं आणि उडी वेगळी उभीच राहत नाहीत.

मुंबईचा वाचक इथे हमखास फसतो. बेडूक म्हटला की आपल्याला जूनचा पहिला पाऊस आठवतो. जपानी संकेतात मात्र तो वसंताचा. नुसता ‘चंद्र’ असेल तर शरदाचा, नुसतं ‘फूल’ असेल तर चेरीचं, म्हणजे पुन्हा वसंत. एका वहीत पाच पानं आखा: चार ऋतूंची चार आणि पाचवं नववर्षाचं, कारण जपानी ऋतुकोशात, म्हणजे ऋतू सुचवणाऱ्या शब्दांच्या कोशात, त्याचा वेगळा विभाग असतो. संकेत भेटेल तसा टिपत जा. दिवसाला पाच हायकू पुष्कळ झाले. त्याहून जास्त वाचले की सगळे सारखेच वाटू लागतात. जोडीला दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या वाचनालयात शिरीष पै यांचे हायकू शोधा. हा प्रकार मराठीत त्यांनीच रुजवला. ते वाचल्यावर कान लवकर तयार होतो.

पुढची पायरी तांका, म्हणजे ५-७-५-७-७ ध्वनींची पाच ओळींची कविता. इथे निवडक कवितांचा संग्रह घेऊ नका. ‘कोकिनशू’ हा सुमारे ९०५ सालचा दरबारी काव्यसंग्रह क्रमाने वाचा. त्याचे २० खंड आहेत. पहिले सहा ऋतूंचे, अकरा ते पंधरा प्रेमाचे, आणि कवितांचा क्रम संपादकांनी विचारपूर्वक लावलेला. वसंताचे दोन खंड सलग वाचले तर बर्फातला प्लम, मग चेरीचा बहर, मग गळती, असा ऋतू पुढे सरकताना दिसतो. मधूनच चार कविता उचलल्या तर हे हाती लागत नाही.

लोकलमध्ये वाचायला झुइहित्सू, म्हणजे मनात येईल तसं लिहिलेलं स्फुट गद्य, उत्तम. सेइ शोनागोनची ‘माकुरा नो सोशी’ कुठूनही उघडावी: आवडत्या-नावडत्या गोष्टींच्या याद्या, दरबारातले प्रसंग, ऋतूंची टिपणं. केनकोच्या ‘त्सुरेझुरेगुसा’चे २४३ तुकडे चौदाव्या शतकातले. आपल्या ललित लेखासारखा शेवट त्यात शोधू नका. तुकडा संपतो तिथे संपतो.

कादंबरीत पहिली निवड तानिझाकीची ‘सासामेयुकी’. चार बहिणी, तिसरीचं लग्न जमत नाही, स्थळं येतात आणि मोडतात. कांदेपोह्यांचे कार्यक्रम पाहिलेल्या मराठी घरांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. दरवर्षीची क्योटोची चेरीयात्रा मात्र नीट वाचा. वहीतलं वसंताचं पान तिथे कामी येतं. कावाबाताचं ‘युकिगुनी’ त्यानंतर.

ग्रंथालयात पुस्तक शोधताना लक्षात ठेवा: जपानीत आडनाव आधी येतं, पण काही लेखक टोपणनावानेच ओळखले जातात. कादंबरीकार सोसेकीचं पुस्तक यादीत नात्सुमे या आडनावाखाली असेल, बाशोचं मात्सुओखाली.

आता ‘गेन्जी’. आठवड्याला एक प्रकरण, म्हणजे साधारण वर्षभर. आर्थर वेलीचं इंग्रजी भाषांतर सुंदर, पण त्यात ३८वं प्रकरण गाळलेलं आहे. सायडेन्स्टिकरचं १९७६चं भाषांतर सोपं आणि वेगवान. टायलरचं २००१चं संथ, पण प्रत्येक प्रकरणाआधी पात्रांची यादी आणि त्या वेळचे हुद्दे देतं. पहिल्या वाचनाला तेच घ्या. ‘नो’ ही जपानची पारंपरिक मुखवट्यांची नाटकं त्यानंतर. ‘आओइ नो उए’सारखी कित्येक नाटकं ‘गेन्जी’तल्याच प्रसंगांवर बेतलेली आहेत.