कुत्र्याला परक्या माणसावर भुंकायला शिकवताना या चुका टाळा

शेतातल्या वस्तीवर, गावच्या वाड्यात किंवा शहराच्या कडेच्या बंगल्यात कुत्रा पाळणाऱ्याची मुख्य अपेक्षा असते ती वर्दीची. फाटकाशी परका माणूस आला, तर घरातल्यांना ते वेळेवर कळावे, इतकेच त्याला हवे असते. बहुतेक कुत्री ही अपेक्षा थोड्या शिकवणीने पूर्ण करतात, कारण आपल्या हद्दीत कोणाची चाहूल लागताच भुंकणे हे त्यांच्या स्वभावातच असते. मात्र वर्दी देणे आणि अंगावर धावून जाणे यांतला फरक मालकाच्याच मनात स्पष्ट नसेल, तर तो कुत्र्याला कळण्याचा मार्ग नाही. चांगला राखणदार तीन-चार वेळा भुंकतो, मालकाकडे पाहतो आणि मालक पुढे आला की पुढचे काम त्याच्यावर सोपवून गप्प होतो. हा क्रम बिघडवणाऱ्या चुका बहुधा आपल्याच असतात.

पिल्लाला घाबरवून तिखट करणे

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होते. कुत्रा तिखट व्हावा म्हणून पिल्लाला मिरची घातलेली भाकरी चारणे, अंधाऱ्या खोलीत कोंडणे, शेजारच्या पोरांना काठी घेऊन डिवचायला लावणे आणि घरच्यांखेरीज कोणालाही त्याच्याजवळ फिरकू न देणे, हे प्रकार आजही चालतात. मिरचीने पिल्लाचे पोट बिघडते, दुसरे काही होत नाही. कोंडण्याने आणि डिवचण्याने मात्र खोल भीती बसते, कारण साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाने जगाची ओळख करून घेण्याचा असतो, आणि त्या काळात जे त्याने पाहिलेच नाही, त्याला ते पुढे बिचकत राहण्याचा मोठा संभव असतो.

आमच्या वस्तीवरच्या पहिल्या कुत्र्याच्या बाबतीत आम्ही हीच चूक केली. तो चार महिन्यांचा होईपर्यंत आम्ही त्याला परक्या माणसाच्या नजरेसही पडू दिले नाही. मोठेपणी तो वाऱ्याने हलणाऱ्या ताडपत्रीवर, छत्री उघडणाऱ्या माणसावर, डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून जाणाऱ्या बाईवर रात्रंदिवस भुंकत असे, आणि खरोखरच कोणी आत शिरले की बैलगाडीखाली जाऊन बसत असे. त्या मुक्या जीवाचे सारे आयुष्य आम्ही धास्तीत घालवले, याचे मला आजही वाईट वाटते.

पुष्कळ माणसे पाहिलेल्या पिल्लालाच माणसांची नेहमीची वागणूक ठाऊक होते, आणि म्हणून अवेळी कुंपणाशी घुटमळणारा माणूस त्याला चटकन वेगळा वाटतो. लहानपणी त्याला दूधवाला, शाळेची मुले, काठी टेकत चालणारे म्हातारे, हेल्मेट घातलेले स्वार अशी सर्व तऱ्हेची माणसे शांतपणे पाहू द्यावीत. प्रत्येकाने त्याला हात लावलाच पाहिजे असे नाही. माणसे दिसली आणि काही वाईट घडले नाही, एवढा अनुभव पुरेसा असतो.

मोठ्या कुत्र्याचे भुंकणे भीतीपोटी आहे का, हे त्याच्या अंगावरून ओळखता येते. शेपूट पायांत जाते, कान मागे पडतात, तो पुन्हा पुन्हा ओठ चाटतो आणि भुंकता भुंकता मागे सरकतो. असा कुत्रा कोपऱ्यात अडकला तर चावतो. त्याला भुंकायला मुळीच उत्तेजन देऊ नये. तो शांत राहील इतक्या अंतरावर परक्या माणसाला उभे करावे, त्या वेळी त्याला आवडता खाऊ द्यावा आणि ते अंतर घाई न करता, काही आठवड्यांत कमी करत आणावे.

बोल, बस आणि छू

आज्ञेचा शब्द निवडण्यात मराठी घरांत हमखास घोटाळा होतो. खाली बसण्यासाठी आपण ‘बस’ म्हणतो आणि भुंकणे पुरे झाले हे सांगतानाही ‘बस, बस’ म्हणतो. परिणामी कुत्रा खाली बसतो आणि बसल्या जागी भुंकत राहतो. भुंकण्यासाठी ‘बोल’ हा शब्द ठेवला, तर फोन उचलून आपण ‘हं, बोल’ म्हणताच तो सुरू होतो. त्यापेक्षा ‘भुंक’ आणि ‘पुरे’ हे शब्द ठेवावेत आणि घरातल्या प्रत्येकाने तेच वापरावेत. ‘छू’ हा शब्द मात्र घरातून कायमचा बाद करावा. मुले गंमत म्हणून छू म्हणतात, पण त्यातून कुत्रा शिकतो ते माणसाच्या अंगावर जाणे. पाळलेल्या प्राण्यापासून दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

शिकवताना एकाला बाहेरून फाटकाची कडी वाजवायला सांगावे. कडी वाजण्याच्या क्षणभर आधी ‘भुंक’ म्हणावे आणि कुत्रा भुंकताच शाबासकी द्यावी. दोन-तीन वेळा भुंकून झाले की शांत आवाजात ‘पुरे’ म्हणून उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा त्याच्या नाकाशी धरावा. वास घेण्यासाठी तो गप्प होतो, आणि दोन सेकंद गप्प राहिला की तुकडा द्यावा. पुढे हा काळ हळूहळू वाढवावा. तुकडा त्याच्या तोंडात भुंकणे चालू असतानाच पडला, तर गप्प होण्याऐवजी भुंकण्याचेच बक्षीस मिळते; बहुतेकांचे घोडे इथेच अडते. कडी वाजवणारा माणूसही बदलत राहावा, नाही तर कुत्रा त्या एकालाच ओळखून कंटाळतो.

कुत्रा थांबत नसेल तेव्हा आपण ओरडतो. त्याला वाटते की मालकही आपल्या बरोबरीने भुंकतो आहे, आणि त्याला आणखी जोर चढतो. कुरिअरवाल्यावरच कुत्रा अधिक का भुंकतो, याचेही उत्तर सोपे आहे. तो माणूस पाकीट देऊन जाणारच असतो, पण कुत्र्याच्या लेखी आपण भुंकलो म्हणून तो पळाला, आणि हे यश त्याला रोज मिळते. अशा वेळी भुंकून झाल्यावर त्याला हाक मारून पडवीतल्या ठरलेल्या जागी न्यावे आणि माणूस गेल्यानंतर नव्हे, तर तो फाटकाशी उभा असतानाच, गप्प राहिल्याबद्दल खाऊ द्यावा.

दिवसभर साखळीला बांधणे

बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही आणि जवळ जाऊन वासही घेता येत नाही, त्यामुळे तो चिडका होतो आणि पाचोळा वाजला तरी भुंकतो. मग घरातले त्याच्या भुंकण्याकडे लक्ष देईनासे होतात आणि वर्दीचा उपयोगच संपतो. अवजड किंवा फार आखूड साखळीला प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे, या दोन्ही गोष्टी प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमात क्रूरता म्हणून नोंदल्या आहेत. जुन्नर, अकोले अशा बिबट्यांच्या भागात तर रात्री अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आयते भक्ष्य होय. तिथे कुत्र्याला रात्री घरात किंवा जाळीच्या बंद खोलीत ठेवावे; त्याला वास आणि चाहूल आतूनही लागते.

कुत्रा मुळीच भुंकत नसेल, तर आधी त्याचे वय पाहावे. सहा महिन्यांच्या पिल्लाकडून राखण मागू नये. हद्दीची जाण पुष्कळदा वर्ष-दीड वर्षात पक्की होते. लॅब्रडॉरसारखी माणसाळू कुत्री परक्यांचे स्वागतच करतात, आणि त्यांच्याकडून दोन-तीन वेळा भुंकणे शिकून घेता आले तरी ते पुरेसे समजावे. आधी नीट भुंकणारे म्हातारे कुत्रे गप्प झाले, तर त्याला ऐकू कमी येते का, ते पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. भुंकण्याचा आवाज मात्र एकाएकी घोगरा किंवा विचित्र झाला, लाळ गळू लागली किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर घशात हाड अडकले असेल असे समजून तोंडात हात घालू नये, कारण रेबीजमध्येही हीच लक्षणे दिसतात. त्याला वेगळे ठेवून ताबडतोब पशुवैद्यकाला कळवावे, आणि त्याने कोणाला चावले असेल किंवा त्याची लाळ कोणाच्या जखमेला लागली असेल, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.